वाटेवर आलेली फुलं

मे महिना लागला की आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात. हिरवळीवर पिवळे डँडेलियन आणि फुटपाथवर आजी-आजोबा. डँडेलियन कुणी लावत नाही. आजी-आजोबांची तिकिटं मात्र जानेवारीतच काढलेली असतात. सकाळी ऑफिसला निघावं तर कोपऱ्यावर एखादी आजी दिसते. साडीवर मुलाचं जाकीट, पायांत पांढरे बूट, कानांवरून स्कार्फ. दोन पावलं मागे आजोबा, हात पाठीशी बांधलेले. सहा महिन्यांचा मुक्काम. ऑक्टोबरात मेपलची पानं गळतात तशी ही माणसंही एकेक करून दिसेनाशी होतात, आणि मग एप्रिलपर्यंत फुटपाथवर कुणीच चालत नाही.

परवा टपालात महालाचं कार्ड आलं. बाग उघडली आहे, पिओनी जूनच्या पहिल्या आठवड्यात फुलतील, असा मजकूर. दोन वर्षांपूर्वी तिकिटाच्या खिडकीवर त्यांनी पत्ता विचारला आणि मी दिला. नीट, पिनकोडसकट. तेव्हापासून दर वसंतात हे कार्ड येतं. त्यावर बागेचं वरून काढलेलं छायाचित्र आहे. हिरव्या कुंपणांची नक्षी, मधोमध कारंजं, मागे करड्या दगडाचा महाल. कार्ड मी फ्रिजवर लावलं. माझ्याकडे प्रत्येक कागदाला जागा असते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, २००६च्या एप्रिलमध्ये आल्या. सासरे जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. माझा नवरा श्रीकांत एकुलता एक. नाशिकला कॉलनीतल्या तळमजल्याच्या ब्लॉकमध्ये आई एकट्याच राहत होत्या. वय एकाहत्तर. श्रीकांतला आदल्या वर्षी नागरिकत्व मिळालं होतं, त्यामुळे आईच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येणार होता. फॉर्म मी भरून ठेवले होते. निळी फाइल, पानांना खुणेच्या चिठ्ठ्या, फोटोसुद्धा काढून आणलेले. फक्त आईंची सही राहिली होती आणि ती घेण्याआधी त्यांना विचारायचं राहिलं होतं. श्रीकांत म्हणाला, आधी रुळू दे तिला, मग विचारू. रुळू दे म्हणजे काय करायचं ते त्याने सांगितलं नाही. म्हणून मी यादी केली.

‘आईंना इथं आवडावं म्हणून’ असं वर लिहिलं आणि खाली अकरा मुद्दे. लायब्ररीचं कार्ड. शनिवारचं भजन. टीव्हीवर मराठी चॅनेल. मागच्या अंगणातल्या खुर्चीला उंच उशी. ‘देवाची फुलं, दर शुक्रवारी’ हा पाचवा मुद्दा होता. ऑफिसातून येताना मी किराणा दुकानातून कार्नेशनचा एक गुच्छ आणत असे. चौदा फुलं, रोज दोन, बरोबर आठवडा. डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली की शेवटच्या दिवसापर्यंत टवटवीत राहतात. आई रोज सकाळी डबा उघडून दोन फुलं काढत आणि बाळकृष्णाला वाहत. कधी तक्रार नाही. मी पहिल्याच महिन्यात पाचव्या मुद्द्यासमोर बरोबरची खूण केली. यादी कोठीच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवली होती, कुणाच्या सहज नजरेला पडू नये म्हणून. त्या कोठीतून पोहे, साखर, चहा काढायला दिवसातून दहा वेळा आईच जात होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सातवा मुद्दा महाल.

तो आमच्या घरापासून दीड तासावर, तलावाकाठी आहे. मोटारींच्या स्प्रिंगा बनवून श्रीमंत झालेल्या एका माणसाने युरोपातले जुने राजवाडे पाहिले आणि परत येऊन तसाच एक इथं बांधला. दगड जहाजाने आणला, कारागीरही आणले. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. माझी कारणं सरळ होती. सकाळी निघून दुपारी चारपर्यंत परत येता येतं, आत लिफ्ट आहे, बागेत दर पन्नास पावलांवर बाक आहेत, आणि आईंना झाडांची आवड आहे. श्रीकांतची एक महत्त्वाची मीटिंग कॅन्सल होईना, म्हणून आम्ही तिघीच निघालो. आई, मी आणि बारा वर्षांची ईरा, जिला शनिवार असा वाया जाणार याचं दुःख गाडीत बसल्यापासून चेहऱ्यावर मिरवायचं होतं.

आजही डोळे मिटले की त्या दिवशीचा आधी वास येतो. महालाच्या दारातून आत शिरताना मेणाचा, जुन्या लाकडाचा आणि कुठल्याशा थंड दगडाचा. मग दोन बाजूंनी वळत वर गेलेला जिना. मग छत. छतावर ढग, ढगांवर सोनेरी चौकटी, आणि चौकटींतून डोकावणारी गुबगुबीत बाळं, मोजता येणार नाहीत इतकी. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

“एवढी बाळं,” त्या म्हणाल्या, “आणि एकाच्याही अंगात झबलं नाही.”

ईरा फिस्सकन हसली. दीड तासातलं तिचं ते पहिलं हसू.

गाईड बाई प्रत्येक खोलीत ‘बरोक’ हा शब्द वापरत होती. आईंनी ईराला विचारलं, बरोक म्हणजे काय गं? ईराने खांदे उडवले. “बेसिकली, आजी, दे डिडन्ट नो व्हेन टू स्टॉप.” आईंनी चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, तरी एवढं इंग्रजी त्यांना सहज कळतं. त्या म्हणाल्या, “थांबायचं कुठं ते कळत नव्हतं होय? मग तुझ्या आईची यादीसुद्धा बरोकच.” दोघी हसल्या. मला वाटलं, किराणाची यादी. मीही हसले.

आरशांच्या दालनात दोन्ही भिंतींना उंच आरसे होते. आई पर्स पोटाशी धरून मधोमध उभ्या राहिल्या आणि एका आरशात बघून पदर सारखा केला. सगळ्या आरशांतल्या सगळ्या आईंनी पदर सारखा केला. एरवी आमच्या घरात त्या इतक्या हळू वावरत की कधी कधी त्या कुठल्या खोलीत आहेत ते शोधावं लागे. तिथं मात्र जिकडे बघावं तिकडे आई होत्या. मी फोटो काढायला विसरले. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

वरच्या मजल्यावर गाईडने सांगितलं, मालक गेल्यावर त्याची बायको पुढची बरीच वर्षं इथं एकटीच राहिली. सगळी दालनं बंद करून, फर्निचरवर पांढऱ्या चादरी घालून, स्वयंपाकघराच्या वरच्या दोन छोट्या खोल्यांत. आईंनी ईराकरवी विचारलं, मुलं नव्हती का? होती, गाईड म्हणाली, दूर राहायची. आईंना त्या दोन खोल्या बघायच्या होत्या. त्या प्रेक्षकांसाठी खुल्या नव्हत्या. बंद दारापाशी आई क्षणभर रेंगाळल्या. मी घड्याळ बघितलं आणि बागेत ऊन चढायच्या आत जाऊ या, असं म्हणाले.

जिन्याच्या खिडकीतून बाग अख्खी दिसते, कार्डावर दिसते तशी. मी तिथं खरोखर थक्क झाले. गुडघ्याएवढ्या उंचीच्या कातरलेल्या कुंपणांनी जमिनीवर वेलबुट्टी काढलेली. डावीकडे जे, तेच उजवीकडे. एक पान वाकडं नाही. माझ्या मनात आलं, कुणीतरी झाडांची यादी केली आहे आणि ती तंतोतंत पाळली आहे. खाली उतरल्यावर मात्र त्यातलं काहीच दिसेना. नुसती कुंपणं, नुसती खडी, आणि आपण नक्षीच्या कुठल्या फाट्यावर उभे आहोत ते कळत नाही. ती नक्षी खालून चालणाऱ्यासाठी काढलेलीच नव्हती, वर खिडकीत उभ्या असलेल्या मालकासाठी काढली होती. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. त्या दिवशी मी फक्त नकाशा काढला आणि पिओनीचे वाफे कुठं आहेत ते शोधलं.

पिओनी ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगते. कमळाएवढं फूल, गुलाबासारख्या पाकळ्या, पण गुलाबाला शंभर पाकळ्या असत्या तर जसा दिसला असता तसं. स्वतःच्याच वजनाने मान टाकलेलं. वाफ्यांच्या कडेच्या फुलांनी खडीच्या वाटेवर अक्षरशः लोटांगण घातलं होतं. मी पाण्याची बाटली भरायला गेले. ईरा कारंज्यापाशी. परत आले तेव्हा हिरवा एप्रन घातलेली एक साठीची बाई आईंच्या समोर उभी होती, आणि आईंची पर्स उघडी होती.

पर्समध्ये रुमाल, रुमालात पाच पिओनी.

ज्यांना आपल्याकडच्या कॉलन्यांमधली सकाळ माहीत आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. नाशिकला आई रोज उजाडताना परडी घेऊन निघतात. स्वतःच्या कुंपणाजवळची तगर आणि जास्वंद झाली की कॉलनीभर चक्कर. त्याचे कायदे आहेत आणि आई ते काटेकोर पाळतात. घराचा मालक उठायच्या आत जायचं. कळी तोडायची नाही. झाड ओरबाडायचं नाही, दोन तरी फुलं मागे ठेवायची. आणि कुंपणाच्या आत हात घालायचा नाही, जे वाटेवर आलं असेल तेच आपलं. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला या प्रकाराची फार लाज वाटे. देवासाठी चोरी कशी चालते, असं मी एकदा विचारलंही होतं. सासरे म्हणाले होते, “चोरी नाही गं, हजेरी आहे ती.”

तीच लाज त्या दिवशी मिशिगनमध्ये माझ्या कानशिलांवर चढली. मी एका दमात तीनदा सॉरी म्हटलं, दंड असेल तर भरते म्हटलं, त्या पाहुण्या आहेत, त्यांना नियम माहीत नाहीत म्हटलं. आईंकडे मी बघतही नव्हते. एप्रनवाल्या बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या फुलं न्याहाळत होत्या. त्यांना कळेना ते वेगळंच होतं. फुलं नेणारे लोक लांब दांडीसकट नेतात, असं त्या म्हणाल्या. इथं तर फक्त माथी खुडलेली. फुलदाणीत ही राहणार कशी?

“इट्स फॉर गॉड,” ईरा मागून येऊन म्हणाली. तिच्या आवाजात लाज नव्हती, थोडा कंटाळा होता, उघड गोष्ट सांगावी लागते तेव्हा येतो तसा. “गॉड डझन्ट नीड द स्टेम.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की बागेतून काहीही बाहेर नेता येत नाही, पानसुद्धा नाही, हा नियम त्यांना मोडता येणार नाही. ईराने आजीला ते मराठीत सांगितलं, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, पण पूर्ण. आईंनी मान हलवली. नियम त्यांना पटला. मग त्यांनी ईराला काहीतरी विचारायला सांगितलं. ईराने विचारलं: बाहेर नाही न्यायची, पण बागेतच ठेवली तर चालेल?

वाफ्याच्या टोकाला एका चौथऱ्यावर दगडी बाई होती. हातात धान्याची पेंढी, एक पाय पुढे, नाकाचा शेंडा झिजलेला. आई तिच्यापाशी गेल्या. चपला काढल्या. पाच फुलं एकेक करून तिच्या पुढच्या पायावर ठेवली, सगळ्यात लालभडक मध्ये, आणि हात जोडून डोळे मिटले. खडीवर अनवाणी. कारंज्याचा आवाज येत होता. एप्रनवाल्या बाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. तो मी ओळखत होते. नाशिकच्या घरी, पूजा झाल्यावर, पहिल्या चहाच्या वेळी तो असा असतो. आमच्या घरी येऊन त्यांना दोन महिने होत आले होते आणि इथं मी तो एकदाही पाहिला नव्हता. आणि पाहिला नाही हे मला तोवर जाणवलंही नव्हतं.

बागेत खायला परवानगी नव्हती. डबे आम्ही पार्किंगमध्ये, गाडीचं मागचं दार वर करून, त्याच्या सावलीत उघडले. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, केळी. ईरा दोन पुऱ्या हातात घेऊन गाडीत गाणी ऐकत बसली. मी आईंना म्हणाले, फुलं हवी होती तर मला सांगायचं. मी जास्त आणली असती. दुसरी आणली असती.

“फुलं चांगलीच होती गं,” आई म्हणाल्या. “डब्यातून काढायची, देवाला गारगार वाहायची. त्यांना काय झालंय. पण सकाळी उठल्यावर हात कुठं न्यायचे, ते कळत नाही मला इथं.”

मी त्यांच्या डब्यात आणखी एक पुरी ठेवली.

“मला परत जायचंय, वैशाली.”

इतकं सरळ. मी विचारलं, मग आधी का नाही बोललात?

“तू यादी केली होतीस ना,” आई म्हणाल्या. “कोठीच्या दारावर. एवढं मन लावून केलेलं. म्हटलं, होऊ दे सगळं. आज सात झाले. अकरापर्यंत थांबते मी.”

आयुष्यात खूप याद्या केल्या आहेत. कामाच्या, सामानाच्या, बाळंतपणाच्या, सासऱ्यांच्या आजारपणातल्या औषधांच्या. यादीमुळे घर चालतं असं मी मानते, अजूनही मानते. पण माझी यादी कुणी माझ्यासाठी पाळत असेल, मला बरं वाटावं म्हणून एकेक मुद्दा निमूटपणे पार पाडत असेल, हे मला त्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा समजलं. अकरा मुद्दे आईंसाठी होते. आणि माझं मन राखण्याचं काम त्या दोन महिने एकट्या करत होत्या.

घरी येताना आईंना झोप लागली. ईराने कानातले इअरफोन काढले आणि विचारलं, “इज आजी गोइंग बॅक?” मी हो म्हटलं. तिने ते परत कानात घातले नाहीत.

श्रीकांतला पटवणं सोपं नव्हतं. तो रागावला आणि त्याचा राग खरा होता. ती पडली तर? रात्री-अपरात्री काही झालं तर? विमान धरून पोचायला दीड दिवस लागतो. तिला जाऊ देणं तुला सोपं आहे, तुझी आई नाही ती. हे शेवटचं वाक्य त्याने लगेच मागे घेतलं, पण ते बोलून झालं होतं. मी फक्त पार्किंगमधलं वाक्य त्याला आहे तसं सांगितलं, हात कुठं न्यायचे ते. तो उठून मागच्या अंगणात गेला आणि आईसाठी ठेवलेल्या उंच उशीच्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिला. निळी फाइल मी कपाटात ठेवली. फाडली नाही. राहिलेले चार मुद्दे आम्ही खरंच पूर्ण केले. सप्टेंबरच्या शेवटी आई नाशिकला परतल्या. प्राजक्ताचा बहर चुकायला नको, म्हणाल्या.

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी मी फोन करते. इथं पावणेनऊ, उन्हाळ्यात तर अजून उजेड असतो, तिथं शनिवारची सकाळ, आई नुकत्याच परडी घेऊन आत आलेल्या असतात. सुरुवातीला मी तब्येतीचं विचारायची. बरी आहे, असं उत्तर यायचं, दर वेळी तेच. त्यातून काही कळत नाही. मग मी विचारायला लागले, आज किती फुलं? याचं उत्तर आई मन लावून देतात. तगर एकोणीस, जास्वंद तीन, मोगरा ओंजळभर. मी वहीत लिहून ठेवते. आता त्या वहीत दीड वर्षाच्या नाशिकच्या सकाळी आहेत. कोणत्या आठवड्यात पाऊस झोडपून गेला, कोणत्या आठवड्यात नवीन शेजाऱ्यांनी जास्वंद छाटली, सगळं त्या आकड्यांवरून कळतं. ईराने एकदा वही उघडून पाहिली आणि म्हणाली, आजीचा डेटा आहे हा. आहेच.

या एप्रिलपासून तगर कमी व्हायला लागली. सतरा, मग बारा, मग नऊ. मी विचारलं, तर आई म्हणाल्या, ऊन फार आहे. गेल्या शुक्रवारी सात. मी फोन ठेवला आणि आईंच्या शेजारच्या देसाईबाईंना लावला. त्या म्हणाल्या, तगर? अहो, झाड पांढरंफटक आहे नुसतं. वरून. खालून रिकामं.

म्हणजे झाड तेवढंच आहे. हात वर जात नाही.

श्रीकांतने निळ्या फाइलचा विषय काढला. या वेळी रागावून नाही, दमून. काढायला हवाच होता. मी त्याला म्हटलं, फाइल आहे तिथंच आहे, पण आधी मी जाऊन येते. ऑफिसात तीन आठवडे मागितले आणि मिळाले. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, खांद्याचा एक्स-रे काढायचा आहे. तीन आठवड्यांनंतर काय, ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेली गोष्ट यादीत कशी लिहायची हे मला अजून जमत नाही. काल मी आईंना फोन केला, शुक्रवार नसताना. म्हटलं, वरची फुलं राहू देत, मी येतेय.

मग आई म्हणाल्या, “साडेपाचला उठावं लागेल हं. लोक उठायच्या आत.”

उठेन म्हटलं.

“आणि कळ्या तोडायच्या नाहीत.”

माहीत आहे, म्हटलं.

महालाच्या बागेत पिओनी पुढच्या आठवड्यात फुलतील. यंदा आम्ही जाणार नाही. सकाळी मी फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रवासाची यादी करायला बसले. औषधं, कागदपत्रं, ईरासाठी सूचना हे सगळं नंतर होईल. सगळ्यात वर मी एकच ओळ लिहिली आणि आज तिथंच थांबले.

वरच्या फांद्या.